पेशीकेंद्रकाची ‘तिजोरी’ : एका रूपकाची चिकित्सा

पेशीविषयक मराठी लेखनात केंद्रकाला ‘तिजोरी’ किंवा ‘खजिना’ म्हटलेले अनेकदा आढळते. आनुवंशिक द्रव्य मोलाचे, ते केंद्रकाच्या पटलाआड ठेवलेले, म्हणून ती तिजोरी, असा हा सरळ हिशेब आहे. रूपक सुबोध आहे यात शंका नाही. परंतु सुबोध रूपकच अधिक काळजीने तपासावे लागते. न सांगितलेली गृहीतकेही त्याच्याबरोबर वाचकाच्या मनात उतरतात. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील दोन पिके, पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातील भात आणि नारायणगावच्या बाजूचे द्राक्ष, समोर ठेवली असता या रूपकाचे बळ कोठे संपते हे स्पष्ट होते.

त्याचे बळ आहे ते साठवणीच्या वर्णनात. भाताच्या गुणसूत्रांचा एक संच सुमारे ३८.९ कोटी आधारक-जोड्यांचा असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या कार्यात भारतीय शास्त्रज्ञांचाही सहभाग होता. सामान्य पेशीत असे दोन संच, म्हणजे २४ गुणसूत्रे असतात. त्यांतील डीएनएचे धागे एकापुढे एक मांडल्यास लांबी पाव मीटरच्या आसपास भरेल, आणि केंद्रक तर मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढेच! हे साधते ते गुंडाळणीमुळे. हिस्टोन प्रथिनाच्या आठ रेणूंच्या गाठीभोवती सुमारे १४७ जोड्यांचा धागा दोनांहून काहीसे कमी वेढे घेतो, आणि अशा गाठींची माळ पुन्हा वळली जाते. मूळ पाश्चात्त्य संज्ञेत (१८८८) केवळ ‘रंगीत पिंड’ एवढाच अर्थ होता. ‘गुणसूत्र’ या मराठी शब्दातील ‘सूत्र’ या बाबतीत अधिक बोलके ठरते.

पण तिजोरीत ठेवलेले नाणे आपोआप झिजत नाही. डीएनए झिजतो. पेशीतील पाणीच त्याचे दुवे तोडीत असते. सस्तन प्राण्याच्या एका पेशीत दररोज सुमारे १०,००० आधारक केवळ या कारणाने गळून पडतात, असा टॉमस लिंडाल यांचा अंदाज आहे. पेशी ही हानी टाळू शकत नाही. ती सतत दुरुस्त करते. दुरुस्ती शक्य होते ती धागे दोन असल्यामुळे. एकावरील अक्षर गेले तर समोरच्या धाग्यावरून ते भरून काढता येते. पोथीचा गळलेला पाठ दुसऱ्या प्रतीवरून निश्चित करावा, तसाच काहीसा हा प्रकार होय. या दुरुस्तीयंत्रणांच्या संशोधनासाठी लिंडाल, मॉड्रिच व सॅन्कर यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा संरक्षणाचे मर्म कुलपात नसून डागडुजीत आहे, आणि ‘तिजोरी’ हा शब्द नेमके तेच झाकतो.

त्या मानाने शेतकऱ्याची कणगी हे अधिक प्रामाणिक रूपक ठरावे. बियाणे उन्हात वाळवून, राख किंवा कडुनिंबाचा पाला घालून, शेणमातीने लिंपलेल्या कणगीत ठेवतात. वाळवण्यातच खरे शास्त्र आहे. ठरावीक मर्यादेत बियाण्यातील ओलावा दर एक टक्क्याने उतरला की त्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा हॅरिंग्टन यांचा ठोकताळा आहे. मात्र कोरड्या बीजात दुरुस्तीची विकरेही थंडावतात आणि हानी हळूहळू साचत जाते. राबावर पेरलेला दाणा पावसाने भिजला की कोंबातील पेशी नवी प्रत काढण्यापूर्वी साचलेली मोडतोड निस्तरू लागतात. ती हाताबाहेर गेलेली असेल तर दाणा उगवत नाही. शेतकरी ‘बी मेले’ म्हणतो, आणि ते शब्दशः खरे असते.

बिनबियांच्या द्राक्षाला तर कणगीही नाही. त्याचे वाण काडीने किंवा कलमाने वाढते. ते जिवंत डोळ्यातच टिकते. तेथे न सुधारलेली एखादी चूक फांदीभर पसरते. ‘तास-ए-गणेश’ हे वाण ‘थॉम्पसन सीडलेस’मध्ये अशाच रीतीने उद्भवले. तिजोरीच्या भाषेत याला चोरी म्हणावे लागेल. बागाइतदाराने त्याला वाण म्हटले.

हा वाद केवळ शब्दांचा असता तर तो येथेच सोडता आला असता. परंतु महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये ‘महाराष्ट्र जनुक कोष’ प्रकल्पास मान्यता दिली, आणि ‘कोष’ म्हणजे पुन्हा खजिनाच. (त्याच शब्दाला वेष्टन असाही अर्थ आहे, आणि हिंदीत पेशीला ‘कोशिका’ म्हणतात, हा योगायोग मनोरंजक आहे.) दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत बियाणे उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवतात. त्यामुळे झीज फार मंदावते, थांबत नाही. म्हणून उगवणशक्ती वेळोवेळी तपासावी लागते, आणि ती घसरल्यास तो नमुना पुन्हा शेतात पेरून नवे बी घ्यावे लागते. शीतगृहातील भात ठेवणीच्या वर्षाचाच राहतो. आंबेगावच्या खाचरातील भात मात्र दर पावसाळ्यातून आणि बियाण्यासाठी लोंब्या निवडणाऱ्या हातांखालून जातो. ‘तिजोरी’वर विसंबलेला वाचक पहिल्याची सोय झाली की दुसऱ्याची गरज उरली नाही असे समजेल. पाठ्यपुस्तकांच्या पुढील आवृत्त्यांत हा शब्द गाळून ‘कणगी’ घातल्यास चालेल. मात्र समोरासमोरच्या दोन धाग्यांवरून होणारी दुरुस्ती कणगीत नसते, एवढी टीप तेथे जोडावी लागेल.