रेंजबाहेरचा श्रोता

शहापूरहून डोळखांबच्या एसटीत बसलं की वस्ती मागे पडेपर्यंत मोबाइल नीट चालतो. मग वळणं आणि झाडी सुरू होते आणि रेंजच्या दांड्या एकेक करून गळायला लागतात. परवा शेजारच्या बाकावर कॉलेजची दोन पोरं एकच इअरफोन वाटून घेऊन यूट्यूबवर मराठी पॉडकास्ट बघत होती. आवाज इतका मोठा की मीही ऐकत होतो. पाहुणा म्हणाला, "आता खरं सांगू का?" आणि पडद्यावर चाक गरगरू लागलं. खरं काय ते आम्हा तिघांनाही डोळखांब येईपर्यंत कळलं नाही.

गंमत अशी की पॉडकास्टची मूळ रचना असा प्रसंग टाळणारी आहे. २००० साली डेव्ह वायनर यांनी आरएसएस फीडमध्ये ध्वनिफाइलचा पत्ता जोडण्याची सोय केली. फीड म्हणजे साधी यादी: भागाचं नाव, तारीख आणि एमपीथ्री फाइल कुठे ठेवली आहे त्याचा पत्ता. श्रोत्याचं ॲप ती यादी अधूनमधून चाळतं आणि नवा भाग दिसला की उतरवून ठेवतं. नेट लागतं ते तेवढ्यापुरतं. 'पॉडकास्ट' हा शब्द बेन हॅमर्सली यांनी २००४ साली 'गार्डियन'मध्ये वापरला, आणि पुढच्याच वर्षी ॲपलनं आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली. नुसतं बोलणं असेल तर ६४ केबीपीएसची मोनो फाइल पुरते. तासाभराचा भाग २९ एमबीत बसतो. आसनगाव स्टेशनवर उतरवून घ्यावा आणि डोळखांबकडच्या आजोबा डोंगराच्या पायथ्यापर्यंत ऐकत जावं, अशीच ही वस्तू आहे.

मराठीत मात्र ती वेगळ्याच वाटेनं रुजली. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, २०१७ मध्ये स्टोरीटेल आलं आणि पुस्तक कानानं वाचायची सवय लागली. बीबीसी मराठीचा 'गोष्ट दुनियेची' लिहून, बेतून केलेला. त्यात ऐकणाऱ्याला नकाशा दिसत नाही याचं भान असतं. पण बोलबाला झाला तो गप्पांचा. ओंकार जाधव आणि शार्दुल कदम यांचं 'अमुक तमुक', सौमित्र पोटे यांचं 'मित्र म्हणे', शिवाय 'व्हायफळ'. या मंडळींनी एक मोठं काम केलं, ते मान्य करायलाच हवं. टीव्हीवर ज्याला दीड मिनिट मिळतं त्याला त्यांनी तासभर बोलू दिलं आणि घराघरांत दबक्या आवाजात होणारं बोलणं उघड्यावर आणलं.

त्यांच्या मागून जी लाट आली तिच्याबद्दल माझी तक्रार आहे. दोन खुर्च्या, दोन माइक, मागे एक कुंडी आणि तीन कॅमेरे. पाहुणा हात पसरून म्हणतो, "एवढा मोठा होता." केवढा? ऐकणाऱ्यानं काय समजायचं? चांगला निवेदक तिथेच विचारेल, "म्हणजे बैलाएवढा?" इथे सगळे हसतात आणि पुढे जातात. संकलन म्हणजे रीलसाठी तुकडे पाडणं, एवढाच अर्थ उरला आहे. फीडवर फक्त ध्वनी ठेवण्याची तसदी पुष्कळजण घेत नाहीत. २०२४ मध्ये गूगलनंही आपलं पॉडकास्ट ॲप बंद करून श्रोत्यांना यूट्यूब म्युझिककडे वळवलं, तेव्हा दोष एकट्या मराठीचा नाही.

कानासाठी लिहिणं आपल्याला नवं थोडंच आहे? १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली, ५६ गीतं आणि दर आठवड्याला नवं गीत. पडदा नव्हता म्हणून अयोध्येपासून लंकेपर्यंत सगळं शब्दांनी आणि सुरांनी उभं करावं लागलं. त्यातली कथा रामासमोर लव-कुश गातात. डोळखांबकडची माणसं सांगतात की वाल्मिकींचा आश्रम इथल्याच डोंगरावर होता, आणि पोरं त्यांना आजोबा म्हणत म्हणून डोंगरही आजोबा.

याच डोंगराखालच्या ठाकर, कातकरी, वारली वाड्यांतली बोली मराठी पॉडकास्टमध्ये शोधून बघा. छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० साली 'सीजीनेट स्वर' सुरू केलं: साध्या फोनवरून नंबर लावायचा, एक बटण दाबून आपलं म्हणणं सांगायचं, दुसरं दाबून दुसऱ्याचं ऐकायचं. गोंडी बोलणाऱ्यांना त्यासाठी ना स्मार्टफोन लागला, ना स्टुडिओ. आपल्याकडे म्हसवडची 'माणदेशी तरंग' वाहिनी माणदेशातल्या बायांना माइकसमोर बसवते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जमवलेल्या एक लाखावर जात्यावरच्या ओव्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहावर आहेत, पैकी कित्येक ध्वनिमुद्रित. पॉडकास्टवाल्यांनी तिकडे फिरकायला हरकत नाही.

मी स्वतः एकदा एका पाड्यावर म्हातारीची गोष्ट टिपायला गेलो होतो. पाऊस लागला आणि पत्र्यावर असा ताशा सुरू झाला की काही ऐकू येईना. मग तिनंच मला आतल्या खोलीत नेलं. कुडाची भिंत, वर कौलं, चहूकडे भाताची पोती. पोती आवाज पितात, घुमू देत नाहीत. भाड्याच्या स्टुडिओतही इतकं स्वच्छ मिळालं नव्हतं मला. फोन पायलीवर उभा केला, वरून गोधडीची घडी टाकली. पंधरा मिनिटं ती बोलली; मधे एक कोंबडी कोकलली. तेवढं काढायला मी सुरी हातात घेतली होती, पण म्हातारी तिथेच थांबून तिला शिवी देते आणि मग गोष्टीतला वाघ पुढे निघतो. राहू दिलं. फाइल झाली सात एमबीची. डोळखांबच्या नाक्यावर ती ब्लूटूथनं एका फोनमधून दुसऱ्यात गेली, दुसऱ्यातून तिसऱ्यात, कोंबडीसकट.