सीमोल्लंघन आणि परतीचा प्रवास

लिंगांतराच्या शस्त्रक्रियेसाठी परदेशी जाणे ही घटना आत्मकथनात आली, की तिला सीमोल्लंघनाचे रूप प्राप्त होते. जॅन मॉरिस यांच्या 'कनन्ड्रम' (१९७४) या इंग्रजी आत्मकथनात १९७२ मधील कॅसाब्लांकाचा प्रवास हा असाच कळसबिंदू आहे. मात्र त्याचे मूळ मायदेशी आहे. ब्रिटिश डॉक्टरांनी शस्त्रक्रियेपूर्वी घटस्फोटाची अट घातली. ती मॉरिस यांना मान्य नव्हती. परदेश येथे नकारातून जन्मतो.

ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या 'मी हिजडा, मी लक्ष्मी' (२०१२, शब्दांकन : वैशाली रोडे) या आत्मकथनाची संरचना वेगळी आहे. तेथे ओळख गुरू-चेला नात्यातून सिद्ध होते. परदेशप्रवास घडतात ते परिषदांसाठी. शस्त्रक्रिया हा या संहितेचा कळस नाही. लक्ष्मी ज्यात हस्तक्षेपक होत्या, त्या 'नालसा' खटल्याच्या २०१४ च्या निकालाने लिंगओळखीसाठी शस्त्रक्रियेचा आग्रह अनैतिक व बेकायदेशीर ठरवला आणि या दृष्टीला न्यायाची भाषा मिळाली. २०१९ च्या कायद्याने मात्र स्त्री वा पुरुष अशा सुधारित नोंदीसाठी शस्त्रक्रिया करणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र मागितले. म्हणजे कॅसाब्लांकाचे कथानक परत आले.

ठाणे जिल्ह्यातीलच उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापूरहून परदेशी जाऊ पाहणाऱ्या व्यक्तीला, या तरतुदीनुसार, रुग्णालयाचा कागद घेऊन अखेर ठाण्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांपुढेच उभे राहायचे होते. तिच्या कथनात सीमोल्लंघन शोधण्यापूर्वी समीक्षेने हा परतीचा प्रवास वाचला पाहिजे.