पुढचा भाग आणि शेवटचा भाग

सामना संपायला मोजके सेकंद उरलेत आणि शोहोकू शाळेचा संघ एका गुणाने मागे आहे. चेंडू रुकावाकडे. हा रुकावा आणि त्याच्याच संघातला लाल केसांचा साकुरागी यांच्यातून विस्तव जात नाही. समोर दोन बचावपटू येतात, रुकावाची नजर बाजूला वळते, तर पाठ दुखावलेला साकुरागी तिथे हात तयार ठेवून उभा. तो काहीतरी पुटपुटतो. चेंडू येतो, सुटतो, जाळीतून खाली पडतो. ७९-७८. पान उलटलं की समोरासमोरची दोन्ही पानं व्यापून एकच चित्र: अख्ख्या मालिकेत एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या त्या दोघांनी एकमेकांना दिलेली टाळी.

ताकेहिको इनोउए यांच्या ‘स्लॅम डंक’ या बास्केटबॉलवरच्या मांगातला, म्हणजे जपानी चित्रकथेतला, हा सामना. अखेरच्या काही क्षणांच्या खेळाला त्यांनी पानंच्या पानं दिली आणि त्या पानांवरून संवादांचे फुगे जवळजवळ काढून टाकले. मांगात एरवी पानभर सांडलेले असतात ते आवाजाचे शब्दही गेले. जपानीत शांततेलासुद्धा एक आवाज आहे, ‘शीऽऽन’, आणि मांगाकार तो चित्रात लिहितात. इथे तोही नाही. प्रेक्षकांची तोंडं उघडी दिसतात, ओरडा आपला आपण ऐकायचा. आणि एवढा घाम गाळून जिंकलेला हा संघ पुढच्या फेरीत सपशेल हरतो, ते मात्र दोन-तीन ओळींत उरकलेलं. विजेतेपद नाही, करंडक नाही. १९९० साली सुरू झालेली ही मालिका १९९६ मध्ये ऐन भरात असताना ३१व्या खंडात संपली.

कोणती मालिका सर्वांत भारी, यावर मांगा-ॲनिमेचे चाहते रात्र जागवू शकतात. चित्रं कुणाची सरस, खलनायक कुणाचा जास्त खुनशी, कोण कुणाला हरवेल. कुठे गप्प बसायचं आणि कुठे थांबायचं हे त्या मालिकेला कळतं का, हा निकष मात्र सहसा कुणी लावत नाही. लावून पाहिला तर नावाजलेल्या बऱ्याच मालिका गुणानुक्रमात घसरतात आणि कोपऱ्यातल्या काही वर येतात.

न थांबण्यामागे एक चोख व्यवस्था आहे. ‘स्लॅम डंक’ ज्या ‘वीकली शोनेन जंप’मध्ये येत होतं ते साप्ताहिक १९६८ साली, आधी पाक्षिक म्हणून, निघालं. अंकासोबत वाचकांसाठी एक पोस्टकार्ड. आवडलेल्या मालिका त्यावर नोंदवून पाठवायच्या. ही कार्डं म्हणजे दर आठवड्याची परीक्षा. नापास होणाऱ्या नव्या मालिकेला काही महिन्यांत गाशा गुंडाळावा लागतो, आणि पास होणाऱ्या मालिकेला थांबू देत नाहीत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर या साप्ताहिकाचा खप एका अंकामागे ६५ लाखांच्या वर गेला होता. अकिरा तोरियामा यांचं ‘ड्रॅगन बॉल’ १९९५ मध्ये संपलं, पाठोपाठ ‘स्लॅम डंक’, आणि खप उतरणीला लागला. थांबणं ही गोष्ट प्रकाशकाला किती महाग पडते, हे संपादकांनी तेव्हाच गाठीला बांधलं.

ॲनिमेची अडचण आणखी वेगळी. मांगा आठवड्याला वीसेक पानं पुढे सरकतो, टीव्हीवरचा भाग ती पानं बघता बघता संपवतो. मग पाणी घालणं आलं. ‘ड्रॅगन बॉल झेड’मध्ये खलनायक फ्रीझा जाहीर करतो की हा ग्रह पाच मिनिटांत फुटणार, ती पाच मिनिटं संपायला नऊ-दहा भाग लागतात. ‘नारुतो’ची पहिली मालिका २२० भागांची. त्यातले शेवटचे ऐंशीच्या आसपास भाग मूळ मांगात नसलेल्या, वेळ काढण्यासाठी रचलेल्या कथांचे. चाहत्यांनी याला ‘फिलर’ हे नाव दिलं आणि कोणते भाग गाळून पाहावेत याच्या याद्या बनवल्या. प्रेक्षकालाच हातात कात्री घ्यावी लागते, तेव्हा संपादनात काय चुकलं ते वेगळं सांगायला नको.

आता ‘वन पीस’. एइचिरो ओदा यांनी १९९७ मध्ये ही समुद्री चाच्यांची कथा सुरू केली, पाचेक वर्षांत संपवू अशा हिशेबाने. आज तिचे शंभराहून अधिक खंड आहेत आणि ॲनिमेचे अकराशेहून अधिक भाग. हिच्यावर पाल्हाळाचा शिक्का मारून मोकळं होणं सोपं आहे, पण ते अर्धसत्य ठरेल. मालिकेच्या सुरुवातीच्या वर्षांत लाबून नावाचा एक देवमासा भेटतो. परत येतो म्हणून गेलेल्या चाच्यांची वाट बघत तो डोंगरावर डोकं आपटत असतो. ते चाचे कोण, याचं उत्तर ब्रूक नावाच्या सांगाड्याच्या तोंडून मिळतं, तेव्हा वाचकाच्या आयुष्यातली आठ-नऊ वर्षं निघून गेलेली असतात. वाट बघण्याची गोष्ट सांगताना वाचकालाही वाट बघायला लावणं ही कारागिरी साप्ताहिकातच जमते. पण त्याच ओदांनी ‘ड्रेसरोझा’ हे एक प्रकरण शंभर अध्यायांचं केलं. तिथे पात्रांची इतकी गर्दी होते की नायक लफी नेमका कुणाशी लढतोय हे आठवण्यासाठी मागची पानं चाळावी लागतात.

मासिकांत येणाऱ्या मालिकांची तब्येत बरी असते. हा काही नियम नव्हे, पण उदाहरणं बोलकी आहेत. होक्काइदोमधल्या दुग्धशाळेवर वाढलेल्या हिरोमू अराकावा यांचा ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ २००१ ते २०१० असा मासिकातून आला आणि २७ खंडांत पुरा झाला. मेलेल्या आईला परत आणायला निघालेले दोन भाऊ पहिल्याच प्रकरणांत शरीर गमावून बसतात, आणि काही मिळवायचं तर तेवढंच मोल मोजावं लागतं हा कथेचा कायदा शेवटच्या पानापर्यंत कुणासाठीही वाकत नाही. २००३ चं ॲनिमे मांगाच्या पुढे गेलं आणि त्याने स्वतःचा शेवट रचला. २००९ चं ‘ब्रदरहूड’ ६४ भागांत मूळ कथेशी प्रामाणिक राहिलं. लोकप्रिय दुसरं आहे. पहिल्यातली उदासी मात्र दुसऱ्यात सापडत नाही, आणि ज्यांनी फक्त ‘ब्रदरहूड’ पाहिलंय त्यांनी अर्धाच ऐवज पाहिलाय.

माकोतो युकिमुरा यांच्या ‘विनलँड सागा’ची सुरुवात २००५ साली साप्ताहिकात झाली. तो वेग झेपेना, म्हणून मालिका मासिकात हलवली गेली. या बदलाचं सोनं झालं. सूडाने पेटलेला व्हायकिंग पोरगा थोर्फिन पुढे गुलाम म्हणून एका शेतावर येतो. तिथून पुढे कितीतरी काळ कथा म्हणजे जंगल तोडणं, बुंधे उपटणं, गहू पेरणं. पोस्टकार्डांच्या परीक्षेत हा भाग तिसऱ्या आठवड्यालाच नापास झाला असता. ॲनिमेच्या दुसऱ्या सीझनने (२०२३) ती संथ लय जपली. तलवारबाजीसाठी आलेला प्रेक्षक कुरकुरला, तर कुरकुरला.

उलट टोकाला ‘डीमन स्लेयर’. कोयोहारू गोतोगे यांनी २०२० मध्ये, लोकप्रियतेच्या ऐन शिखरावर, २३ खंडांत कथा संपवली. याबद्दल त्यांना मानलंच पाहिजे, कारण कथा तशी साधी आहे: राक्षस झालेली बहीण, तिला पुन्हा माणूस करायला निघालेला भाऊ, वाटेत एकाहून एक मोठे राक्षस. तिला डोळे दिपवणारं रूप दिलं ते युफोटेबल या स्टुडिओने. त्यांच्या ‘मुगेन ट्रेन’ या चित्रपटाने २०२० मध्येच ‘स्पिरिटेड अवे’चा जपानमधला कमाईचा विक्रम मोडला. मात्र गोतोगे यांनी जे आटोपतं घेतलं ते आता पडद्यावर सैल होतंय. शेवटच्या लढाईचे तीन चित्रपट निघणार असून पहिला ‘इन्फिनिटी कॅसल’ २०२५ मध्ये आला. अडीच तासांच्या त्या चित्रपटात प्रत्येक घाव बसण्याआधी एक पूर्वकथा येते. पाणी, आग आणि कोसळणारे जिने अप्रतिम; पण मरणाऱ्या प्रत्येकाचं बालपण दाखवलंच पाहिजे का?

‘अटॅक ऑन टायटन’चं तर नावच फसवं निघालं. त्याचा ‘द फायनल सीझन’ डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाला. मग त्याचा दुसरा भाग, मग ‘फायनल चॅप्टर्स’ नावाचे दोन विशेष भाग, असं करत नोव्हेंबर २०२३ उजाडला. हाजिमे इसायामा यांच्या कथेचा शेवट अनेकांना रुचला नाही. पण भिंतीआड कोंडलेल्या माणसांचं दुःख सांगता सांगता त्याच माणसांना जुलमी करून दाखवण्याची हिंमत शोनेन, म्हणजे किशोरांसाठीच्या, मांगात क्वचितच कुणी केली असेल.

या सगळ्यांत ‘फ्रीरेन’ वेगळी का वाटते, तर ती शेवटापासूनच सुरू होते. दैत्यराज मेलाय, दहा वर्षांची मोहीम संपलीय, चौघे सोबती राजधानीत परततात आणि आकाशातून उल्का पडताना बघतात. पन्नास वर्षांनी पुन्हा बघू, असं हजार वर्षं जगणारी एल्फ जादूगार फ्रीरेन सहज बोलून जाते. पन्नास वर्षांनी ती येते तेव्हा वीर हिमेल टक्कल पडलेला, ठेंगणा म्हातारा झालेला असतो. लवकरच तो वारतो, आणि त्याच्या अंत्यविधीत ती रडते ती या जाणिवेने, की दहा वर्षं सोबत राहून आपण या माणसाला ओळखून घेतलं नाही. एवढं सगळं पहिल्याच भागात. कानेहितो यामादा आणि त्सुकासा आबे यांच्या मांगावरून मॅडहाउस या स्टुडिओने २०२३ मध्ये केलेले २८ भाग निवांत आहेत. एखादा निरुपयोगी मंत्र शिकणं, कुणाचा तरी पुतळा घासून पुसून काढणं, यावर अख्खा प्रसंग खर्च होतो. शेवटच्या दहाएक भागांत जादूगारांची परीक्षा येते आणि मालिका अचानक इतर शंभर मालिकांसारखी होते, ही तिची मोठी खोट.

इसेकाई या प्रकाराबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. सामान्य माणूस ट्रकखाली मरतो आणि जादूच्या दुनियेत अफाट ताकद घेऊन जन्मतो, एवढीच ती कथा. पुनर्जन्म आपल्याकडेही आहे, पण आपल्याकडे मागचा हिशेब पुढे येतो. इथे पाटी कोरी आणि वर बक्षीस. २०२३ मध्ये तर नायक पेयांचं व्हेंडिंग मशीन म्हणून जन्मला. ते गमतीदार होतं, तीन भागांपुरतं.

न थांबणाऱ्या मालिकांचं हे चक्र ओढणारे हात दमतात. ‘बर्सर्क’ १९८९ पासून रेखाटणारे केंतारो मिउरा २०२१ मध्ये ५४व्या वर्षी गेले. अपुरी कथा आता त्यांचे मित्र कोउजी मोरी यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिष्य पुढे नेत आहेत. ‘हंटर × हंटर’चे योशिहिरो तोगाशी पाठदुखीमुळे वर्षानुवर्षं थांबतात. आइ याझावा यांची ‘नाना’ ही दोन मैत्रिणींची विलक्षण कथा २००९ पासून त्यांच्या आजारपणामुळे अर्धवट आहे. ॲनिमेच्या कारखान्यात दोन मुख्य चित्रांमधली चित्रं भरणाऱ्याला नगावर मोबदला मिळतो, तोही जेमतेम. याचं मूळ दाखवताना बोट १९६३ कडे जातं. ओसामु तेझुका यांनी ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका टीव्हीला खर्चाहूनही कमी भावात दिली. चित्रं कमी काढायची, काढलेली पुन्हा वापरायची आणि तूट खेळण्यांच्या विक्रीतून भरायची, हा रस्ता त्यांनी पाडला. मांगाचा देव म्हणून जपान ज्यांना मानतो त्यांच्या हिशेबवहीतलं हे पान. ‘जुजुत्सु काइसेन’चा दुसरा सीझन चालू असताना, २०२३ मध्ये, त्यावर राबणारे ॲनिमेटर वेळापत्रकाविरुद्ध उघडपणे बोलले. पडद्यावर मात्र दर आठवड्याचे भाग झगमगत होते.

मराठी घरांत हे सगळं नाव न सांगता शिरलं. दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारं ‘जंगल बुक’ निप्पॉन ॲनिमेशनचं होतं, आणि हिंदीतल्या शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. बेसबॉलवरच्या ‘क्योजिन नो होशी’ या जुन्या मांगाचं क्रिकेट करून, मुंबईच्या गरीब मुलाला नायक बनवून, २०१२ मध्ये ‘सूरज: द रायझिंग स्टार’ही निघाली. ती फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. २०१९ मध्ये ‘वेदरिंग विथ यू’ हा ॲनिमे चित्रपट इथे लागावा म्हणून भारतातल्या चाहत्यांना हजारोंच्या सह्या गोळा कराव्या लागल्या. २०२५ मध्ये मात्र ‘इन्फिनिटी कॅसल’साठी पहाटेचे खेळ लावावे लागले.

या गर्दीत एक चित्रपट मराठी वाचकाच्या फार जवळचा असून त्याच्यापर्यंत नीट पोचलेला नाही. तेत्सुको कुरोयानागी यांच्या ‘तोत्तोचान’वर डिसेंबर २०२३ मध्ये जपानमध्ये ॲनिमे चित्रपट आला. चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे हे पुस्तक आपल्याकडे पिढ्यांनी वाचलंय. चित्रपट केला शिन-एइ ॲनिमेशनने, म्हणजे ‘डोरेमॉन’वाल्यांनी. त्यात मित्राच्या अंत्यविधीतून निघालेली तोत्तो रस्त्याने नुसती धावत सुटते. बाजूला आघाडीवर निघालेल्या सैनिकांना निरोप द्यायला जमलेली गर्दी, लढाई-लढाई खेळणारी पोरं, एक पाय गमावलेला सैनिक. कॅमेरा कुणापाशी थांबत नाही, तोत्तो कुणाकडे बघत नाही, युद्धाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. घरात पुस्तकाची मराठी प्रत असेल तर आधी ती शोधून वाचून काढावी, आणि मग हा चित्रपट पाहावा. लांबी ११४ मिनिटं. फिलर एकही नाही.