‘किल्ला’मधली आई आणि ‘गली बॉय’मधली अम्मी

अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ २६ जून २०१५ रोजी चित्रगृहांत आला. त्याआधी २०१४ च्या बर्लिन महोत्सवात मुलांच्याच परीक्षक मंडळाने त्याला ‘क्रिस्टल बेअर’ हा पुरस्कार दिला होता आणि पुढे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याच्या वाट्याला आला. माझ्या वाचनात जी परीक्षणे आली त्यांत कोकणचा पाऊस, समुद्र, शेवाळलेल्या भिंती आणि चार पोरांची दोस्ती यांचे मनसोक्त कौतुक होते. ते योग्यच आहे. दिग्दर्शक मुळात छायाचित्रकार, आणि या चित्रपटाचा कॅमेराही त्यांचाच. परंतु त्या कौतुकात चिन्मयची आई अरुणा हिच्यासाठी एखाददुसरेच वाक्य असायचे: ‘अमृता सुभाष यांनी संयत अभिनय केला आहे.’ मला वाटते, चित्रपटातली खरी गोष्ट त्या वाक्याच्या खाली दबून गेली.

कथानक थोडेच आहे. अकरा वर्षांच्या चिन्मय काळेचे वडील वारले आहेत. आई सरकारी नोकरीत, तिची बदली पुण्याहून कोकणातल्या लहानशा गावात होते. मुलगा हुशार, अबोल, शहरी सवयींचा. नव्या वर्गात तो वेगळा पडतो. बंड्या आणि त्याची टोळी त्याला हळूहळू आपल्यात घेते. मग एके दिवशी सायकलींची शर्यत किल्ल्याकडे निघते, वाटेत आभाळ फाटल्यासारखा पाऊस येतो, चिन्मय किल्ल्याच्या आत एकटा अडकतो आणि बाहेर येतो तेव्हा मित्र निघून गेलेले असतात.

या प्रसंगावर थोडे थांबले पाहिजे. दुसऱ्या कोणत्याही दिग्दर्शकाने इथे मुलाला वडिलांची आठवण काढायला लावली असती, एखादे करुण गाणे घातले असते. ‘किल्ला’त तसे काही होत नाही. मुलगा घाबरतो, धावतो, आणि बाहेर कुणी नाही एवढेच पाहतो. पण प्रेक्षकाला कळते की हे त्याच्यासोबत दुसऱ्यांदा घडले आहे. पहिल्यांदा बाप न सांगता गेला, आता दोस्त. त्यानंतर तो मित्रांशी बोलणे तोडतो ते नुसत्या रुसव्यातून नव्हे. जाणाऱ्याने सांगून जावे एवढीच त्याची मागणी आहे, आणि ती मांडायला त्याच्याजवळ शब्द नाहीत.

आपल्या उर्दूत ‘यतीम’ शब्द ज्याचा बाप वारला आहे अशा अज्ञान मुलासाठी आहे. आई जिवंत असली तरी तो यतीमच. मराठीत ‘अनाथ’ म्हटले की दोघेही नसलेले मूल डोळ्यांसमोर येते. ‘पोरका’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा, पण त्यात हळवेपणा जास्त, हक्क कमी. यतीम या शब्दामागे मात्र हक्काची भाषा आहे. त्याचा माल खाऊ नका, त्याला झिडकारू नका, ही ताकीद आपण मकतबापासून ऐकत आलो. खुद्द पैगंबर यतीम होते, हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असते. इतके असूनही मोहल्ल्यात बापाविना वाढणाऱ्या मुलाबद्दल पहिला शेरा कोणता असतो? ‘बाप का साया नहीं, बिगड गया होगा.’ बी.एड.च्या पुस्तकात अशा मुलाला ‘समस्याग्रस्त बालक’ म्हणत. भाषा सभ्य, अर्थ तोच. चिन्मय समस्याग्रस्त नाही. त्याच्या भोवतालची माणसे गप्प आहेत, एवढीच समस्या आहे.

आणि या गप्प राहण्यात त्याची आईही आहे. मराठी चित्रपटातील आई म्हटले की आपण ‘श्यामची आई’पासून सुरुवात करतो. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली आमच्या नाशिकच्याच तुरुंगात लिहिले. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. २०२३ साली सुजय डहाके यांनी ते पुन्हा पडद्यावर आणले. त्या आईबद्दल मला आदर आहे. पण ती प्रत्येक प्रसंगातून काही शिकवते, आणि शिकवण्यासाठी तिच्याजवळ प्रेम कधी कमी पडत नाही. अरुणा काही शिकवत नाही. ती थकून घरी येते. नवे कार्यालय, कामाच्या निराळ्या रीती, कायद्याने वागू पाहणाऱ्या बाईकडे बघण्याची एक विशिष्ट नजर, हे सगळे डोक्यात घेऊन ती स्वयंपाकाला लागते. मुलगा गप्प, ती गप्प. तिचे दुःख मुलापासून लपवावे म्हणून ती बोलत नाही आणि मुलाला वाटते की तिला दुःखच नाही. दोघे एकाच छपराखाली स्वतंत्रपणे एकाच माणसासाठी रडत आहेत, असे हे घर आहे.

इथे मला एक गोष्ट विशेष आवडली. नोकरी करते म्हणून चित्रपट अरुणाला शिक्षा देत नाही. ‘आई घरी असती तर मुलगा एकटा पडला नसता’ असा सूर कुठेही लागत नाही. आपल्या समाजात बेवा बाईने घराबाहेर पडावे की नाही यावर अजूनही वाद घालणारे लोक आहेत. चार महिने दहा दिवसांची इद्दत सर्वांना तोंडपाठ असते. एकशे एकतिसाव्या दिवशी घरात पीठ कुठून येणार, हे विचारणारे कमी.

मागे सातवीच्या वर्गाला मी हा चित्रपट दाखवला. आमची मुले उर्दू माध्यमाची. त्यांचे मराठी बाजारातले आणि पाठ्यपुस्तकातले, मधले मराठी फारसे नाही. समजेल की नाही अशी धाकधूक होती. परंतु ‘किल्ला’त संवाद इतके बेताचे आहेत की भाषेची अडचण फारशी आली नाही. बंड्याच्या (पार्थ भालेरावच्या) खोड्यांना वर्ग डोक्यावर घेतला गेला. संपल्यावर एका मुलाने विचारले, ‘टीचर, उस की अम्मी रोती क्यूँ नहीं?’ मी उत्तर देण्याआधीच मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, ‘रोती है. किचन में.’ असे दृश्य चित्रपटात आहे की नाही, हा प्रश्न गौण आहे. त्याने ते कुठे पाहिले असेल हे मला ठाऊक होते.

आता उणिवा. अरुणाच्या कार्यालयाचा भाग कच्चा आहे. तिथला दबाव, कागदावरच्या सहीचा पेच हे सारे सूचनेवर भागवले आहे. तिची नोकरी खरोखर धोक्यात येते तेव्हा आपल्याला त्याची धग जाणवत नाही, कारण कॅमेऱ्याला पुन्हा समुद्राकडे जायची घाई असते. पाऊस सुंदर आहे. पण गळक्या घराला पाऊस सुंदर नसतो. बंड्या आणि मंडळींची घरे कशी चालतात, हेही चित्रपट जवळजवळ सांगत नाही. चिन्मय निघून जाणार, ते तिथेच राहणार. त्यांच्या वाट्याला आठवणीतले मित्र होणे एवढेच येते. आणि सर्वांत मोठी गोष्ट, अरुणाच्या पाठीशी सरकारी नोकरी आहे. बदली हे तिचे संकट आहे आणि तिची ढालही. महिन्याच्या महिन्याला पगार येतो, राहायला घर मिळते, मुलाला शाळेत दाखला मिळताना कुणी अडवत नाही. आमच्या जिल्ह्यात सिन्नरला विड्या वळणारी किंवा मालेगावात यंत्रमागाच्या आवाजात कांड्या भरणारी बाई ‘किल्ला’ पाहील तेव्हा तिला अरुणाचा हेवा वाटेल. हा दिग्दर्शकाचा दोष म्हणता येणार नाही. त्याने स्वतःच्या माहितीतले जग दाखवले. पण प्रेक्षक म्हणून आपण त्याची नोंद ठेवली पाहिजे.

तेव्हा दुसरा चित्रपट आठवतो. अमृता सुभाष यांनीच चार वर्षांनी, २०१९ साली, झोया अख्तर यांच्या ‘गली बॉय’मध्ये धारावीतील रझियाची भूमिका केली. मुराद हा मुलगाही चारचौघांपेक्षा वेगळा. बापाने ठरवलेल्या चाकरीऐवजी त्याला रॅप लिहायचे आहे. घरात बाप दुसरी बायको घेऊन येतो. त्याच खोलीत, त्याच दारातून. रझियाचा चेहरा त्या वेळी पाहावा. अरुणाचा नवरा मेल्यामुळे तिला निदान सहानुभूती आहे. रझियाचा नवरा समोर बसून जेवतो आहे आणि तिला आपले दुःख ‘दुःख’ म्हणून सांगायचीही सोय नाही. शेवटी मार खाऊन ती मुलांसह घर सोडते, भावाकडे जाते. भाऊ आसरा देतो. पण त्या आसऱ्यात पायरी ठरलेली असते, आणि भाच्याने मामाच्या कार्यालयात चाकरी करायची असते.

महेश लिमये यांच्या ‘यलो’मध्येही (२०१४) मामाच आहे. डाउन सिंड्रोम असलेली मुलगी बापाला नकोशी होते, आई तिला घेऊन भावाच्या आधाराने उभी राहते आणि मुलगी जलतरणपटू होते. गौरी गाडगीळ हिने स्वतःचीच भूमिका त्यात केली, आणि परीक्षक मंडळाच्या विशेष राष्ट्रीय पुरस्काराने चित्रपटाचा गौरव झाला. तिथला मामा प्रेमळ आहे. तरी यश मिळवून दाखवल्यावरच मुलीचे वेगळेपण जगाला मान्य होते, ही गोष्ट मला खटकते. पदक न जिंकणाऱ्या मुलीचे काय? ‘किल्ला’त चिन्मय काहीच जिंकत नाही, आणि तरीही तो चित्रपटाचा नायक राहतो. या मुद्द्यावर मी ‘किल्ला’ला ‘यलो’पेक्षा वरचा मानते.

रझियाकडे परत यावे लागते, कारण ती आपल्या गल्लीतली आहे. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तीन तलाक रद्द ठरवला, २०१९ साली कायदाही झाला. पण रझियाला कुणी तलाक दिलेलाच नाही. ती बेवा नाही, तलाकयाफ्ता नाही. मराठीत तिला ‘परित्यक्ता’ म्हणतात, पण घर तर तिनेच सोडले आहे. कोणत्याही खान्यात न बसणारी ही बाई मुलाच्या प्रवेशासाठी शाळेत येते तेव्हा काय होते, ते मी टेबलाच्या अलीकडून पाहते. ‘वालिद की दस्तखत?’ ती खाली बघते. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव बापाच्या आधी लिहायचा निर्णय महाराष्ट्र शासनाने केला, चांगले झाले. ती मुले शाळेच्या दारात येतील तोवर अर्जावरची ती एक रेघ रिकामी ठेवून किती अम्म्या परत जातील, हे सांगता येत नाही.

‘गली बॉय’ला या रेघेत रस नाही. रझिया घराबाहेर पडते आणि पटकथा तिच्यापासून दूर होऊ लागते. पुढचा रस्ता मुरादचा आहे, रंगमंचाकडे जाणारा. मुंबईच्या हिंदी चित्रपटाला तेच हवे असते. ‘किल्ला’ने जो संथपणा अरुणाच्या स्वयंपाकघराला दिला, तो रझियाला मिळाला असता तर? भावाच्या घरात ती कोणत्या कोपऱ्यात झोपते, कितीला उठते, वहिनीच्या आधी चहा करते की नंतर, मुलाच्या फीचे पैसे कुणाकडे मागते, हे दाखवणारा चित्रपट मराठीत माझ्या पाहण्यात आलेला नाही. ते लिहायला अविनाश अरुण येणार नाहीत. त्यांनी आपल्या आठवणीतला किल्ला दाखवून झाला. रझिया आणि तिच्यासारख्या बायकांची घरे ज्यांना आतून माहीत आहेत, ती माणसे या अंकाच्या वाचकांत आणि लेखकांत बसलेली आहेत. त्यांतल्या कित्येकांच्या कवितांत ही अम्मी आलेली आहे, पण बहुतेक वेळा दुआ मागणारी, जायनमाजवर बसलेली. नमाज संपवून ती उठते आणि कामाला लागते, तिथून पुढचे लिहायचे राहिले आहे.