महाडची ग्रंथसूची : टीप लिहिणाऱ्याची बाजू

आपल्या महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांचे प्रकल्प लिहिले जातात आणि त्यांच्या शेवटी ग्रंथसूची जोडली जाते. शिक्षकाने सटीप सूची मागितली, तर प्रत्येक ग्रंथनामाखाली एक ओळ वाढते : 'हा ग्रंथ अत्यंत उपयुक्त आहे.' कुणाला उपयुक्त? कशासाठी? ही ओळ म्हणजे ग्रंथाला घातलेला नमस्कार आहे. नमस्कार घालणारा प्रश्न विचारीत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके ग्रंथांपुढे फक्त हात जोडायला लावले गेले, त्या समाजाच्या विद्यार्थ्याने तरी ही सवय मोडली पाहिजे. सूचीतला प्रत्येक ग्रंथ हा साक्षीदार आहे आणि टीप ही त्याची उलटतपासणी आहे.

महाडच्या सत्याग्रहाचा विषय घेऊ. विद्यार्थी ग्रंथालयात जातो आणि 'रायगड' या नावाखाली शोधू लागतो. त्याच्या हाती किल्ला आणि शिवकाल लागतो. चवदार तळे लागत नाही. कारण १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, आणि मार्च १९२७ ची परिषद 'कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद' या नावाने भरली. 'कुलाबा' हा शब्द घेतला की मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८३ चा कुलाबा-जंजिरा खंडही सापडतो. तो कामाचा आहे. पण तो राज्य चालविणाऱ्यांसाठी, राज्यकर्त्यांच्या नजरेतून लिहिलेला आहे. जातींच्या नोंदी त्यात आहेत, त्या जातींचा स्वतःचा शब्द नाही. एवढे दोन वाक्यांत लिहिले, तरी टीप झाली.

आता समकालीन साधने. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी परिषद झाली आणि ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. घटनेच्या इतक्या जवळचे साधन दुसरे क्वचितच मिळेल. हे अंक शासनाने १९९० साली 'मूकनायक'बरोबर एका खंडात पुन्हा प्रसिद्ध केले, म्हणून आज ते विद्यार्थ्याच्या हाती येऊ शकतात. काही मार्गदर्शक बजावतात की, हे चळवळीचे पत्र आहे, सबब एकांगी आहे. मान्य! पण मग सवर्णांच्या हातातली त्या काळची वृत्तपत्रे कोणत्या अंगाची होती? पक्षकार असणे हा साक्षीदाराचा दोष नव्हे. तो पक्षकार आहे हे लपविणे हा टीपकाराचा दोष आहे. हा नियम दोघांनाही सारखाच लागू केला पाहिजे.

न्यायालयीन कागदांचे वाचन तर अधिक सावधपणे करावे लागते. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले करण्याचा ठराव केला आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी तो फिरविला. डिसेंबरात सवर्णांनी दावा लावला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. 'न्यायालयाने अस्पृश्यांना पाण्याचा हक्क दिला', अशी टीप विद्यार्थी लिहितो. निकालाचा आधार त्याहून अरुंद आहे. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. ती सिद्ध झाली असती तर? समतेचे तत्त्व त्या निकालाने प्रस्थापित केलेले नाही. ते तळ्यावर चालत गेलेल्या माणसांनी मांडले. हा फरक नोंदविणारी टीप शंभर पानांच्या प्रकल्पाला पुरून उरेल.

मग ग्रंथ येतात. खैरमोडे यांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ चा, धनंजय कीर यांचे इंग्रजी चरित्र १९५४ चे. चरित्राचा केंद्रबिंदू नायक असतो. ते स्वाभाविकच आहे. पण परिषद भरविण्यासाठी गावोगाव कोण हिंडले, हा प्रश्न घेतला की कॉ. आर. बी. मोरे यांच्या आठवणींकडे वळावे लागते. मोरे याच भागातले, परिषदेच्या संघटकांपैकी, पुढे कम्युनिस्ट पक्षात गेलेले. १९७२ साली ते वारले. आठवणी पुस्तकरूपाने आल्या २००३ मध्ये. आनंद तेलतुंबडे यांचा महाडवरील इंग्रजी ग्रंथ २०१६ चा. या ग्रंथांची वर्णानुक्रमे यादी केली तर काहीच दिसत नाही. प्रकाशनवर्षानुसार लावली, तर कार्यकर्त्याची साक्ष चरित्रांनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने छापली गेली हे उघड होते. मधल्या काळात लिहिले गेलेले लेखन या साक्षीवाचून लिहिले गेले, हेही टिपेत यावयास हवे.

आणि स्त्रिया? २७ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे केलेले भाषण सर्वत्र उल्लेखिले जाते. भाषण ऐकणाऱ्या काय म्हणाल्या? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ चे. चळवळीतल्या स्त्रियांना त्यांनी भेटून बोलते केले. हे पुस्तक सूचीच्या शेवटी 'इतर' या मथळ्याखाली टाकणे म्हणजे पंक्तीच्या कडेला वेगळे पान मांडणे होय.

तेव्हा टिपेत चार गोष्टी असाव्यात : लिहिणारा कोण व कोठे उभा; घटनेनंतर किती वर्षांनी लिहिले; आपल्या प्रश्नाचे कोणते उत्तर यात मिळते; आणि कोणाचा आवाज यात नाही. चौथी गोष्ट लिहिताना विद्यार्थ्याला ग्रंथालयाबाहेर पडावे लागेल. दासगाव-महाडच्या वस्त्यांतून जुन्या स्मरणिका, हस्तपत्रके, जलशांच्या वह्या ट्रंकेत पडलेल्या असू शकतात. धन्याची परवानगी घेऊन त्याही सूचीत याव्यात. त्यांना प्रकाशक नसेल, वर्ष नसेल. म्हणून त्या साधन ठरत नाहीत असे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. शिक्षकांनी गुण देताना ग्रंथांची संख्या मोजण्यापेक्षा ही चौथी नोंद वाचावी.