यंत्राचे भाषांतर आणि कामगाराचा प्रतिप्रश्न

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत मराठी पर्यवेक्षकाच्या हाताखाली आज भोजपुरी, मैथिली, ओडिया, बंगाली अशा अनेक भाषा बोलणारे कामगार काम करतात. त्यांच्याशी बोलावे कसे, या जुन्या प्रश्नाला कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे भाषांतर हे नवे उत्तर सुचविले जात आहे. पर्यवेक्षकाने मोबाइलपुढे मराठीत बोलावे, कामगाराने आपल्या भाषेत ऐकावे, की काम झाले, असा हा विचार आहे. तो कितपत ग्राह्य आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम यंत्राच्या बाजूने बोलणे न्याय्य होईल. १९४८ च्या कारखाना अधिनियमाचे १०८ वे कलम सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्यास सांगत होते. अल्पसंख्य भाषिकांची सोय त्यात नव्हती. उलट २०२३ मध्ये मद्रास आयआयटीतील संशोधकांनी सिद्ध केलेली भाषांतरप्रणाली घटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीसही भाषा हाताळते. लिपी एक असल्यामुळे होणारे घोटाळेही यंत्र टाळू शकते. 'हातमोजे न घातल्यास शिक्षा' ही मराठी पाटी हिंदी वाचकाला शिक्षणाविषयीची वाटण्याचा संभव आहे. यंत्र तेथे 'दंड' हा शब्द योजू शकेल. हा लाभ लहान नव्हे.

परंतु शब्द बरोबर आला म्हणजे अर्थ पोचला, असे नाही. 'उद्या दुरुस्तीसाठी यंत्र बंद' या वाक्याचे 'कल मरम्मत के लिए मशीन बंद' हे हिंदी भाषांतर शब्दशः निर्दोष आहे. मात्र हिंदीतील 'कल' मागचाही असतो आणि पुढचाही. काळ सांगणारे क्रियापद मूळ वाक्यातच नाही. दुरुस्ती काल होऊन गेली, असे समजून कोणी कळ दाबली आणि त्याच वेळी फिटरचा हात यंत्रात असला, तर भाषांतराच्या शुद्धतेचे समाधान कोणाला वाटणार? अशा ठिकाणी जाणता दुभाषी थांबून विचारतो, 'उद्या ना?' यंत्र बहुधा विचारीत नाही. ते अस्खलित वाक्य देते, आणि त्या अस्खलितपणामुळेच शंका झाकली जाते.

भाषेच्या नावाचाही प्रश्न आहे. २०११ च्या जनगणनेत पाच कोटींहून अधिक लोकांनी भोजपुरी ही मातृभाषा नोंदविली, पण त्यांची गणना हिंदीत झाली. अनुसूचीत भोजपुरी नाही. काही भाषांतरयंत्रांत ती २०२२ पासून आली आहे. तरीही पर्यवेक्षक 'हिंदी' निवडून मोकळा होतो, आणि कामगार संकोचाने मान डोलावतो. मान डोलावणे म्हणजे समजणे नव्हे.

यावर पूर्वीच्या मध्यस्थाकडे परत जावे, असे मात्र सुचवावयाचे नाही. मुंबईच्या गिरण्यांत मालक आणि कामगार यांच्यामध्ये जॉबर उभा असे. त्याच्या हाती एकवटलेल्या सत्तेवर आणि लाचखोरीवर १९३१ मध्ये शाही श्रम आयोगाने टीका केली होती. यंत्र लाच मागत नाही, हे मान्यच केले पाहिजे. आक्षेप त्याच्या एकतर्फी वापरावर आहे. पर्यवेक्षकाचा हुकूम खाली जातो. कामगाराचा प्रश्न वर येत नाही.

म्हणून या साधनाची कसोटी भाषांतर किती सुबक झाले, ही नसावी. कामगाराने ऐकलेली सूचना स्वतःच्या भाषेत पुन्हा सांगावी, कृती करून दाखवावी, आणि 'हे मला कळले नाही' असे निर्भयपणे म्हणता यावे. ते म्हणणे त्याच यंत्रातून पर्यवेक्षकापर्यंत पोचावे. एवढी व्यवस्था असेल तर यंत्र उपयुक्त ठरेल. ती नसेल तर आपण संवादाचे साधन आणले असे न म्हणता, हुकूम अनेक भाषांत देण्याची सोय केली, एवढेच म्हणावे.