पोळ्याचे ऋण आणि घोडेस्वाराची हौस

ज्याची जनावरावर माया आहे त्याने त्याच्या पाठीवर बसावे काय, हा प्रश्न विचारात घेताना आम्हांस बहिणाबाई चौधरी यांची ‘पोळा’ ही कविता आठवते. १८८० साली असोद्यास जन्मलेल्या या निरक्षर शेतकरी स्त्रीची गाणी तिच्या निधनानंतर, १९५२ साली, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पोळ्याच्या वर्णनांत बहुधा झुली-घुंगरांचेच कौतुक असते. बहिणाबाई तेथे थांबत नाहीत; शेतकरी बैलाचा ऋणी आहे, हे त्या त्याला बजावतात. जनावराकडून काम घेणे त्या पाप ठरवीत नाहीत. घेतलेले विसरणे मात्र त्यांस मान्य नाही. एक दिवस पुरणपोळी चारली की ऋण फिटले, असा अर्थ जो काढील त्याने ती कविता वाचलीच नाही.

परंतु हा न्याय घोड्यास जसाच्या तसा लागू पडत नाही. बैलाच्या कष्टाने पिकलेल्या ज्वारीचा कडबा बैलाच्याही गव्हाणीत पडतो. सारंगखेड्याच्या यात्रेतून हौसेखातर आणलेल्या घोड्यावरील फेरफटक्याचा आनंद मात्र एकट्या स्वाराचाच. म्हणून त्याचे ऋण शेतकऱ्याच्या ऋणाहून जड होय. खोगिराखालची पाठ सोलवटू न देणे, लगाम हलक्या हाताने धरणे, थकल्या जनावरावरून उतरणे आणि म्हातारपणी त्यास न विकणे, ही त्याची फेड. एवढे ज्याच्याने होणार नाही त्याने खुशाल पायी चालावे. तीही मायाच होय.